पाळीचे विकरशास्त्र आणि ‘पिशवी’ची भाषा : बीड जिल्ह्यातील गर्भाशय शस्त्रक्रियांच्या संदर्भात एक चिकित्सा

सारांश

मासिक पाळीविषयी मराठीत रूढ असलेली मांडणी तीन प्रकारची आहे : विटाळाची, पाठ्यपुस्तकी आणि दवाखान्यातील. या तिन्ही मांडण्यांत गर्भाशयाचे अस्तर ही निष्क्रिय वस्तू मानली जाते. ऊतींचे विघटन करणाऱ्या विकरांविषयी गेल्या सहा दशकांत झालेल्या संशोधनाने मात्र पाळी ही शरीराने स्वतः घडवून आणलेली, मर्यादित आणि दुरुस्तीसह पूर्ण होणारी प्रक्रिया असल्याचे दाखविले आहे. प्रस्तुत लेखात या दोन्ही मांडण्यांची तुलना करून, बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांच्या प्रश्नाकडे त्या दृष्टीने पाहिले आहे. तसेच केवळ शरीरशास्त्राच्या ज्ञानाने हा प्रश्न सुटण्यास कोणत्या मर्यादा पडतात, याचीही चर्चा केली आहे.

बीजशब्द : मासिक पाळी, विकरे, मॅट्रिक्स मेटॅलोप्रोटिनेज, गर्भाशय, ऊसतोड कामगार, बीड जिल्हा, आरोग्यभाषा

प्रस्तावना

बीड जिल्ह्याची ओळख महाराष्ट्रात ‘ऊसतोड कामगारांचा जिल्हा’ अशी आहे. दिवाळीच्या सुमारास धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, गेवराई या तालुक्यांतील गावे रिकामी होतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर पुन्हा भरतात. मधल्या काळात ही कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात कारखान्यांच्या गाळप हंगामासाठी राबत असतात. २०१९ मध्ये या जिल्ह्याचे नाव देशभर पोहोचले ते वेगळ्याच कारणाने. ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांमध्ये गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण असाधारण असल्याचे त्या वर्षी उघडकीस आले. वृत्तपत्रांतून, विधिमंडळातून आणि परिसंवादांतून त्यावर पुष्कळ चर्चा झाली. मुकादमी, उचल, खासगी रुग्णालयांची नफेखोरी, शौचालयांचा अभाव ही कारणे पुढे आली आणि ती योग्यच होती.

तथापि या सर्व चर्चेत एक प्रश्न जवळजवळ अस्पर्श राहिला. ज्या अवयवाला ‘खराब’ ठरवून काढून टाकण्यात आले, तो अवयव दर महिन्याला नेमके काय करतो? पाळी येते म्हणजे गर्भाशयात काय घडते? या प्रश्नाचे उत्तर ज्या भाषेत दिले जाते, त्या भाषेचा आणि शस्त्रक्रियेच्या निर्णयाचा काही संबंध आहे काय? शरीरशास्त्र, भाषा आणि समाजशास्त्र या तिन्ही शाखांच्या सीमेवर हा प्रश्न उभा आहे. म्हणूनच त्याचा विचार एका विद्याशाखेच्या चौकटीत होऊ शकत नाही.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. मासिक पाळीविषयीच्या रूढ मराठी मांडणीची चिकित्सा करणे.
२. ऊतीविघटक विकरांविषयीच्या संशोधनाचा विकास आणि त्याच्या मर्यादा समजावून घेणे.
३. या ज्ञानाच्या आधारे बीड जिल्ह्यातील गर्भाशय शस्त्रक्रियांच्या प्रश्नाचे मूल्यमापन करणे.

प्रस्तुत विवेचनासाठी प्रकाशित शास्त्रीय संशोधन, शासकीय सर्वेक्षणे आणि विधिमंडळात मांडली गेलेली माहिती यांचा आधार घेतला असून पद्धती विश्लेषणात्मक व तुलनात्मक आहे.

१. पाळीविषयीच्या तीन भाषा

‘पाळी’ हा मराठी शब्द मुळात निर्दोष आहे. पाळी म्हणजे क्रमाने येणारी वेळ. उसाच्या फडाला पाण्याची पाळी दिली जाते, तोच हा शब्द. त्यात अशुद्धता नाही, आजार नाही, लज्जाही नाही. परंतु या शब्दाभोवती जी भाषा उभी राहिली, ती इतकी निर्दोष नाही.

पहिली भाषा विटाळाची. ‘कावळा शिवणे’, ‘बाहेर बसणे’, ‘अडचण येणे’ या शब्दप्रयोगांतून पाळी ही काहीतरी घाण बाहेर पडण्याची क्रिया ठरते. चौदाव्या शतकात संत सोयराबाईंनी देहाच्या विटाळाची कल्पनाच प्रश्नांकित केली होती. विटाळ देहातच उपजतो आणि देहावाचून कोणी जन्मत नाही, हा त्यांच्या विचाराचा गाभा होता. विसाव्या शतकात र. धों. कर्वे यांनी १९२७ ते १९५३ या काळात ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून शरीरविषयक प्रश्नांची निर्भीड चर्चा केली. म्हणजे मराठीत विटाळाच्या भाषेला प्रतिवाद नव्हता असे म्हणता येत नाही. तो प्रतिवाद घराघरांत पोहोचला नाही, एवढेच खरे.

दुसरी भाषा पाठ्यपुस्तकी वळणाची. ‘गर्भधारणा न झाल्यास गर्भाशयाचे अस्तर गळून पडते आणि रक्तस्राव होतो’ या आशयाचे वाक्य शालेय जीवनात प्रत्येकाने वाचलेले असते. हे वाक्य चुकीचे नाही, पण अपुरे आहे. ‘गळून पडणे’ हे क्रियापद अकर्मक आहे. त्यात कर्ता नाही. जणू भिंतीचा गिलावा ओल धरून आपोआप सुटावा, तसे अस्तर सुटते असा बोध विद्यार्थ्याला होतो. ‘अस्तर’ हा शब्दही शिवणकामातला आहे. कपड्याचे अस्तर जुने होते, फाटते, उसवते. ते स्वतः काही करीत नाही.

तिसरी भाषा दवाखान्याची. ग्रामीण भागात गर्भाशयाला सर्रास ‘पिशवी’ म्हटले जाते. ‘पिशवीला सूज आहे’, ‘पिशवी खराब झाली’, ‘पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल’ ही वाक्ये बीड जिल्ह्यातील स्त्रियांनी पत्रकारांना आणि अभ्यासकांना वारंवार सांगितली आहेत. पिशवी हे रूपक बारकाईने पाहण्यासारखे आहे. पिशवीचे मोल तिच्यातील वस्तूवर ठरते. मुले झाली, कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली, की पिशवी रिकामी झाली. रिकामी आणि त्रास देणारी पिशवी टाकून देणे हा व्यवहारी शहाणपणा वाटू लागतो. याच ठिकाणी भाषा निर्णयाची वाट सोपी करते.

या तिन्ही भाषांत एक साम्य आहे. गर्भाशय हे तिन्हींत निष्क्रिय आहे. पहिल्या भाषेत ते अशुद्धतेचे स्थान आहे, दुसऱ्या भाषेत गळणाऱ्या अस्तराचे आणि तिसऱ्या भाषेत रिकाम्या जागेचे.

२. विकरांचे शास्त्र : बेडकाच्या शेपटीपासून गर्भाशयापर्यंत

पाळीच्या शास्त्रीय आकलनाचा पहिला महत्त्वाचा टप्पा १९४० चा. मार्की या अमेरिकन शास्त्रज्ञाने ऱ्हिसस माकडिणींच्या गर्भाशयाच्या अस्तराचे तुकडे त्यांच्याच डोळ्याच्या पुढील कप्प्यात रोपून, पारदर्शक पटलातून पाळीची प्रक्रिया प्रत्यक्ष पाहिली. अस्तरातील सर्पिल धमन्या आकुंचन पावतात, रक्तपुरवठा तुटतो, ऊती मरतात आणि मग रक्तस्राव होतो, अशी उपपत्ती त्या निरीक्षणांतून रूढ झाली. पुढील अनेक दशके हीच उपपत्ती पाठ्यपुस्तकांत शिकविली गेली. तिच्यातही ऊती ‘मरते’. स्वतः काही करीत नाही.

दुसरा टप्पा संपूर्णपणे वेगळ्या क्षेत्रात घडला. १९६२ मध्ये ग्रॉस आणि लापिएर या संशोधकांनी बेडूकमाशाच्या शेपटीचा अभ्यास केला. बेडूकमाशाचे बेडकात रूपांतर होताना त्याची शेपटी नाहीशी होते. ती तुटून पडत नाही. शरीर तिला आतून विरघळविते. या विरघळण्यामागे कोलॅजेन या चिवट प्रथिनाचे तुकडे करणारे विकर असल्याचे त्यांनी दाखवून दिले. त्वचा, हाडे, कूर्चा आणि गर्भाशयाचे अस्तर यांना आकार देणारे मुख्य प्रथिन कोलॅजेनच होय. या शोधातून विकरांचे एक संपूर्ण कुळ पुढे उजेडात आले. त्याला मॅट्रिक्स मेटॅलोप्रोटिनेज असे नाव आहे. पेशींच्या भोवतीची प्रथिनांची चौकट कापणे हे या विकरांचे काम. त्यांच्या क्रियास्थानी जस्ताचा अणू असतो, म्हणून नावात धातूचा उल्लेख येतो.

या विकरांची कार्यपद्धती तीन कड्यांनी बांधलेली आहे. पहिली कडी निर्मितीची : पेशी ही विकरे गरजेपुरती आणि ठरावीक वेळीच तयार करतात. दुसरी कडी सक्रियतेची : विकर निष्क्रिय पूर्वरूपात बाहेर पडते आणि त्याचा एक भाग छाटला गेल्यावरच ते काम करू लागते. तिसरी कडी अटकावाची : त्याच ऊतीत या विकरांना रोखणारी प्रथिनेही असतात. शरीर धारदार सुरी तयार करते, पण ती म्यानात ठेवते आणि म्यानाजवळ पहारेकरीही बसविते, असे सोप्या शब्दांत म्हणता येईल.

आता पाळीकडे वळू. बीजविमोचनानंतर अंडाशयात उरलेल्या पुटकापासून पीतपिंड तयार होतो आणि त्यातून प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक स्रवते. गर्भाशयाच्या अस्तरात ऊतीविघटक विकरांची निर्मिती दाबून ठेवण्याचे काम प्रोजेस्टेरॉन करते. गर्भधारणा झाली नाही तर सुमारे दोन आठवड्यांत पीतपिंड सुकतो, प्रोजेस्टेरॉनची पातळी घसरते आणि दाब उठतो. अस्तरात श्वेतपेशी मोठ्या संख्येने जमा होतात. त्या विकरे आणतात आणि अस्तरातील पेशींनाही विकरे तयार करण्यास प्रवृत्त करतात. कोलॅजिनेज, जिलॅटिनेज, स्ट्रोमेलायसिन, मॅट्रिलायसिन अशी वेगवेगळी विकरे चौकटीचे वेगवेगळे घटक कापतात. अस्तराचा वरचा, कार्यकारी थर विलग होतो. खालचा मूळ थर मात्र जागेवर राहतो.

बेल्जियममधील लूवँ विद्यापीठात मार्बे, कुर्तुआ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात केलेले प्रयोग या संदर्भात निर्णायक ठरले. मानवी अस्तराचे तुकडे प्रयोगशाळेत वाढविताना प्रोजेस्टेरॉन न दिल्यास ते विघटित होत. प्रोजेस्टेरॉन दिल्यास, किंवा मेटॅलोप्रोटिनेज विकरांना रोखणारी द्रव्ये दिल्यास, हे विघटन थांबे. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षांचे महत्त्व असे, की काचपात्रातील तुकड्याला रक्तपुरवठा मुळीच नसतो. तरीही तो संप्रेरकाच्या अभावी पाळीप्रमाणेच विघटित होतो. म्हणजे रक्तवाहिन्यांचे आकुंचन हे विघटनाचे एकमेव कारण असू शकत नाही. विघटनाची साधने ऊतीतच आहेत.

याच साखळीत आणखी एक विकर महत्त्वाचे आहे. प्लाझ्मिन हे विकर रक्ताची गुठळी विरघळविते आणि मेटॅलोप्रोटिनेजच्या पूर्वरूपांना सक्रिय करण्यातही भाग घेते. पाळीचे रक्त बहुधा प्रवाही राहते, याचे श्रेय या गुठळी विरघळविणाऱ्या यंत्रणेला जाते. ही यंत्रणा प्रमाणाबाहेर चालली, तर रक्तस्राव वाढतो. या मुद्द्याचे व्यावहारिक महत्त्व पुढे स्पष्ट होईल.

पाळीतील सर्वांत विलक्षण भाग विघटनानंतरचा आहे. अस्तराच्या एका भागात विघटन चालू असतानाच दुसऱ्या भागात दुरुस्ती सुरू झालेली असते. पाच-सहा दिवसांत उघडा पडलेला पृष्ठभाग नव्या पेशींनी झाकला जातो आणि कोणताही व्रण राहत नाही. त्वचेवरील खोल जखम व्रण सोडते. गर्भाशयाचे अस्तर आयुष्यात सुमारे चारशे वेळा मोडून व्रणाविना पुन्हा उभे राहते. ज्याला ‘खराब’ म्हणून बाजूला सारले जाते, तो अवयव प्रौढ मानवी शरीरातील दुरुस्तीच्या सर्वोत्तम उदाहरणांपैकी एक आहे.

‘गळणे’ या क्रियापदाबाबतही येथे एक गोष्ट नोंदविली पाहिजे. झाडाचे पान गळते तेही आपोआप नव्हे. देठाच्या तळाशी असलेल्या पेशींच्या थरात सेल्युलेज व पेक्टिन-विघटक विकरे पेशीभित्तिका सैल करतात, खालच्या बाजूस संरक्षक थर तयार होतो आणि मगच पान सुटते. पानगळ, बेडूकमाशाची शेपटी आणि पाळी या तिन्ही घटनांत सजीव स्वतःच्या ऊतीचे नियंत्रित विसर्जन करतो. तेव्हा ‘गळणे’ हा शब्द टाकून देण्याची गरज नाही. तो समजावून सांगण्याची गरज आहे.

३. विकर-उपपत्तीची चिकित्सा

नव्या उपपत्तीने जुन्या उपपत्तीची जागा पूर्णपणे घेतली, असे समजणे मात्र योग्य होणार नाही. ऑस्ट्रेलियातील सॅलॅमॉनसेन यांच्या गटाने पाळीसदृश प्रक्रिया घडविलेल्या उंदरांवर मेटॅलोप्रोटिनेज रोधकांचा प्रयोग केला. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात रोधके देऊनही अस्तराचे विघटन थांबले नाही. काचपात्रात जे सिद्ध झाले, ते जिवंत प्राण्यात तसेच्या तसे दिसले नाही. अर्थात उंदीर निसर्गतः ऋतुस्राव करणारा प्राणी नाही, हेही लक्षात घ्यावे लागते. या विकरांशिवाय अन्य मार्गही विघटनात सहभागी असावेत आणि एक मार्ग अडविल्यास दुसरा काम करीत असावा, असे अनुमान यातून निघते.

१९८६ मध्ये फिन यांनी पाळीला दाहप्रक्रियेच्या चौकटीत बसविले होते. श्वेतपेशी, सूज, विघटन आणि दुरुस्ती हा दाहाचा क्रम पाळीतही दिसतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. पुढे स्लेडन आणि ब्रेनर यांनी माकडिणींवरील प्रयोगांत असे दाखविले, की प्रोजेस्टेरॉन काढून घेतल्यापासून सुमारे ३६ तासांच्या आत ते परत दिल्यास पाळी रोखता येते. त्यानंतर दिल्यास उपयोग होत नाही. म्हणजे प्रारंभीचा टप्पा परतवता येण्याजोगा आहे आणि नंतरचा स्वयंचलित. संप्रेरक, श्वेतपेशी, विकरे व रक्तवाहिन्या यांची ही साखळी आहे. तिच्यातील एकाच कडीला ‘कारण’ म्हणणे हे अतिसुलभीकरण ठरेल.

या मतभेदांमुळे मूळ मुद्दा दुर्बल होत नाही. सर्व उपपत्तींत एक गोष्ट समान उरते : पाळी ही नियंत्रित प्रक्रिया आहे आणि तिच्या प्रत्येक कडीवर नियंत्रण बिघडू शकते. बिघाड नियंत्रणाचा असेल, तर उपचारही प्रथम नियंत्रणाचा असावयास हवा.

४. बीडचे वास्तव

जून २०१९ मध्ये तत्कालीन आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधान परिषदेत दिलेल्या माहितीनुसार, बीड जिल्ह्यातील ९९ खासगी रुग्णालयांत तीन वर्षांच्या काळात ४,६०५ गर्भाशय शस्त्रक्रिया झाल्या होत्या. त्यानंतर विधान परिषदेच्या उपसभापती डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. तिच्यापुढे आलेल्या सर्वेक्षणात जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड कामगार स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांचे गर्भाशय काढले गेल्याचे आढळले. हे प्रमाण सुमारे १७ टक्के होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत, २०१५-१६ मध्ये, १५ ते ४९ वयोगटातील स्त्रियांत हे प्रमाण देशात ३.२ टक्के आणि महाराष्ट्रात २.६ टक्के होते. दोन्ही सर्वेक्षणांची पद्धती व वयोगट सारखे नसल्याने ही तुलना काटेकोर मानता येत नाही. तरीही अंतर इतके मोठे आहे, की ते केवळ पद्धतीच्या फरकाने समजावून देता येणार नाही.

या आकड्यांमागील श्रमव्यवस्था सर्वज्ञात आहे. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. हंगामापूर्वी मुकादमाकडून उचल घेतली जाते आणि ती तोडीतून फेडली जाते. एका दिवसाचा ‘खाडा’ पडला तर जोडप्याकडून दंड कापला जातो. तो दिवसाला ५०० रुपयांपर्यंत असल्याचे स्त्रियांनी सांगितले आहे. पाचटाच्या फडात पहाटे सुरू होणारा दिवस मोळ्या वाहून गाडी भरेपर्यंत संपत नाही. फडावर शौचालय नाही, कोपीत न्हाणीघर नाही, पाणी मोजके आहे. अशा परिस्थितीत पाळी हा निसर्गक्रम राहत नाही, तो खाड्याचा धोका बनतो.

जंतुसंसर्ग, अंगावरून पांढरे जाणे, ओटीपोटात दुखणे, जास्त रक्तस्राव या तक्रारी घेऊन स्त्री दवाखान्यात जाते. यांतील बहुतेक तक्रारींवर प्रथमतः औषधोपचार उपलब्ध असतात. ही परिस्थिती केवळ बीडची नाही, हेही लक्षात घेतले पाहिजे. १९८९ मध्ये डॉ. राणी बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांतील ६५० स्त्रियांचा अभ्यास ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्यातील ९२ टक्के स्त्रियांना एक किंवा अधिक स्त्रीरोग होते. मात्र पूर्वी कधी तपासणी झालेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के होत्या. ग्रामीण महाराष्ट्रात स्त्रीच्या तक्रारीला दोनच टोके उरतात असे यावरून दिसते : एक तर दीर्घकाळ दुर्लक्ष, नाहीतर थेट शस्त्रक्रिया. मधला उपचाराचा मार्गच बांधलेला नाही.

५. विकरांचे ज्ञान आणि मधला मार्ग

हा मधला मार्ग विकरांच्या ज्ञानातूनच जातो. जपानमधील उताको ओकामोतो आणि शोसुके ओकामोतो या दाम्पत्याने १९६२ मध्ये ट्रानेक्झामिक आम्लाचा शोध प्रसिद्ध केला. प्लाझ्मिन विकराची गुठळी विरघळविण्याची क्रिया हे द्रव्य रोखते. पाळीतील अतिरिक्त रक्तस्राव या गोळीने जवळजवळ निम्म्यावर येऊ शकतो. ती संप्रेरक नाही, ती केवळ पाळीच्या दिवसांत घ्यावयाची असते आणि भारतात सहज मिळते. रक्तवाहिनीत गुठळी झाल्याचा पूर्वेतिहास असलेल्या स्त्रीस ती देता येत नाही; म्हणून वैद्यकीय तपासणी आवश्यकच आहे. दुसरा मार्ग प्रोजेस्टेरॉनसदृश संप्रेरकांचा, ज्यात गर्भाशयात बसविण्याच्या साधनाचाही समावेश होतो. विकरांवरील दाब टिकवून ठेवणे, हेच या उपचाराचे एक सूत्र होय.

योगायोग असा, की ज्या वर्षी बेडूकमाशाच्या शेपटीत विकर सापडले, त्याच वर्षी विकर रोखणारी ही गोळीही प्रकाशात आली. म्हणजे बीडमध्ये शस्त्रक्रियांची लाट आली तेव्हा हे ज्ञान अर्धशतकाहून जुने झालेले होते. ते प्रयोगशाळेतून औषधाच्या दुकानापर्यंत पोहोचले. फडावरील कोपीपर्यंत पोहोचले नाही.

कर्करोगाच्या भीतीचा मुद्दाही येथे तपासला पाहिजे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीवरील जगातील एक महत्त्वाचा अभ्यास बीडच्या शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात झाला. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाच्या सहभागाने झालेल्या या अभ्यासात १,३१,७४६ स्त्रियांचा समावेश होता. त्याचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. ग्रामीण स्त्रियांची एकच एचपीव्ही तपासणी करून व आवश्यक तेथे उपचार देऊन प्रगत कर्करोगाचे व मृत्यूचे प्रमाण सुमारे निम्म्याने कमी झाल्याचे त्यात दिसले. ‘नाहीतर कॅन्सर होईल’ या वाक्याचे शास्त्रीय उत्तर मांजरा नदीच्या खोऱ्यातच उपलब्ध होते. भीतीवर तपासणी हा उपाय आहे. निरोगी अवयव काढणे हा नव्हे.

शस्त्रक्रिया नेहमीच अनावश्यक असते असा याचा अर्थ नाही. मोठ्या गाठी, गर्भाशयाचा कर्करोग, औषधांना दाद न देणारा तीव्र रक्तस्राव अशा परिस्थितीत ती जीवनरक्षक ठरते. परंतु तरुण वयात गर्भाशयाबरोबर अंडाशयेही काढली गेल्यास इस्ट्रोजेन एकाएकी नाहीसे होते, हाडे ठिसूळ होण्याचा आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. अंडाशये ठेवली तरी रजोनिवृत्ती लवकर येण्याची शक्यता असते. डोक्यावर उसाची मोळी वाहणाऱ्या स्त्रीच्या दृष्टीने हाडांचा ठिसूळपणा म्हणजे उपजीविकेचाच ऱ्हास होय. खाडा टाळण्यासाठी केलेली शस्त्रक्रिया अखेरीस कष्टाची शक्तीच हिरावून घेते, ही या प्रश्नातील मूलभूत विसंगती आहे.

६. ज्ञानाच्या मर्यादा

येथपर्यंतच्या विवेचनावर एक सार्थ आक्षेप घेता येतो. विकरांचे ज्ञान मिळाल्याने स्त्रीचा खाडा माफ होणार आहे काय? तसे होणार नाही, हे स्पष्टपणे मान्य केले पाहिजे. शस्त्रक्रियेचा निर्णय अनेकदा अज्ञानातून झालेला नसून हिशोबातून झालेला आहे. उचल फेडावयाची आहे, पाच महिने सुटी नाही आणि दर महिन्याचे चार दिवस जीवघेणे आहेत, अशा हिशोबात स्त्रीने काढलेले उत्तर तिच्या दृष्टीने तर्कशुद्ध असते. त्या स्त्रियांना ‘अडाणी’ ठरविणारी चर्चा त्यांच्यावर दुसरा अन्याय करते.

वृत्तपत्रीय चर्चेचाही येथे विचार करावा लागतो. या चर्चेने प्रश्न प्रकाशात आणला, हे तिचे श्रेय निर्विवाद आहे. परंतु गर्भाशय नसलेल्या स्त्रियांचे गाव अशा धर्तीच्या मथळ्यांनी स्त्रीची ओळख पुन्हा एका अवयवाशी बांधली. ‘पिशवी’च्या भाषेत गर्भाशय टाकाऊ होते, मथळ्यांच्या भाषेत गर्भाशयावाचून स्त्रीच अपुरी ठरली. दोन्ही भाषांत त्या स्त्रीची पाठदुखी, तिचा दंड आणि तिचे मत यांना स्थान कमीच मिळाले.

शासकीय पातळीवर २०१९ नंतर बीडमध्ये अशा शस्त्रक्रियांसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीची अट घालण्यात आली. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०२२ मध्ये अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्यासाठी मार्गदर्शक सूचना तयार केल्या आणि ५ एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डॉ. नरेंद्र गुप्ता यांच्या जनहित याचिकेवर निर्णय देताना सर्व राज्यांना त्या स्वीकारण्याचे निर्देश दिले. ही पावले स्वागतार्ह आहेत. मात्र परवानगीची अट ही केवळ नकाराची व्यवस्था आहे. ती शस्त्रक्रिया थांबवू शकते. दुखणे थांबवू शकत नाही. परवानगी नाकारलेली स्त्री औषध, तपासणी, विश्रांती आणि शौचालय यांवाचून फडावर परतली, तर तिच्या वाट्याला केवळ जुना त्रास उरतो.

मग ज्ञानाचे स्थान कोणते? ते असे, की ‘पिशवी खराब झाली’ हे वाक्य ऐकल्यावर ‘म्हणजे नेमके काय बिघडले? औषधाने ते थांबेल काय?’ असा प्रश्न विचारण्याचे बळ ज्ञानातून येते. हा प्रश्न विचारणारी स्त्री, तिची मुलगी, गावातील आशा कार्यकर्ती किंवा महाविद्यालयात शिकणारा तिचा मुलगा यांपैकी कोणीही असू शकेल. बीड जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या वर्गांत ऊसतोड कुटुंबांतील मुले-मुली मोठ्या संख्येने बसतात. त्यांना पाळीचा धडा शिकविताना ‘अस्तर गळून पडते’ एवढ्यावर थांबावयाचे की विकरांची साखळी समजावून सांगावयाची, हा निर्णय अध्यापकांच्या हातातील आहे.

निष्कर्ष

१. विटाळाची, पाठ्यपुस्तकी आणि दवाखान्यातील भाषा या तिन्हींत गर्भाशय निष्क्रिय मानले जाते. हा समज शस्त्रक्रियेच्या निर्णयास पोषक ठरतो.
२. ऊतीविघटक विकरांच्या संशोधनातून पाळी ही संप्रेरक, श्वेतपेशी, विकरे व रक्तवाहिन्या यांची नियंत्रित साखळी असल्याचे स्पष्ट होते. विकरे हे तिचे एकमेव कारण मानता येत नाही.
३. बिघाड नियंत्रणाचा असल्यास प्रथम उपचार नियंत्रणाचाच असावा. असे उपचार दीर्घकाळ उपलब्ध आहेत. ते ग्रामीण स्त्रीपर्यंत पोहोचलेले नाहीत.
४. गर्भाशय शस्त्रक्रियांवरील निर्बंधांना फडावरील आरोग्य तपासणी, शौचालय, पाणी आणि पाळीच्या दिवसांत दंडाविना विश्रांती यांची जोड मिळाल्याशिवाय ते परिणामकारक होणार नाहीत.
५. पदवीपूर्व व पदवी स्तरावरील अध्यापनात पाळीतील विघटनाबरोबरच दुरुस्तीचाही समावेश होणे आवश्यक आहे.

बेडूकमाशाची शेपटी विरते ती त्याला पाय फुटल्यावर. शरीर मोडते तेथे घडवितही असते, हे जीवशास्त्राचे सूत्र गर्भाशयाला सर्वाधिक लागू पडते. बीड जिल्ह्यातील हजारो स्त्रियांच्या बाबतीत ते सांगावयास उशीर झाला आहे. त्यांच्या लेकींच्या बाबतीत अजून झालेला नाही.